देवाचा न्याय, आईचे दूध

चंद्रभागेच्या काठी कीर्तनसेवा करण्यात आमची हयात गेली. या सेवेत अजामिळाचे आख्यान आम्ही किती वेळा लावले, याची गणती नाही. भागवताच्या सहाव्या स्कंधातील ही कथा श्रोत्यांना फार प्रिय. धर्मपत्नीला टाकून दासीच्या घरी राहिलेला, लोकांना लुबाडून संसार चालविणारा अजामिळ मरणकाळी धाकट्या मुलाला नारायण या नावाने हाक मारतो आणि तेवढ्या नामोच्चाराने विष्णुदूत त्याला यमदूतांच्या पाशातून सोडवितात. एकदा हे आख्यान संपल्यावर बुक्का लावून घेण्यास आलेल्या एका वृद्ध माउलीने आम्हांला विचारले की, अजामिळ सुटला हे फार चांगले झाले, परंतु ज्या पत्नीला त्याने टाकले तिचे काय? ज्यांना त्याने नागविले त्यांचे काय? देव दयाळू आहे, तर मग न्याय कोणी करावयाचा? आम्ही पोथीतील उत्तर दिले. अजामिळाला पुढे पश्चात्ताप झाला, तो गंगाद्वारी गेला, उरलेले आयुष्य त्याने भजनात घालविले, असे सांगितले. माउली नमस्कार करून निघून गेली. तिचे समाधान झाले नाही आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही.

आज नाताळ. ख्रिस्ती बांधवांच्या घरोघरी आज बाळ येशूच्या जन्माचा आनंदसोहळा आहे. अशा मंगल दिवशी अजामिळाच्या पत्नीची आठवण आम्हांला का व्हावी, असे सुज्ञ वाचक विचारतील. आठवण होते ती यासाठी, की त्या माउलीचा प्रश्न हाच ख्रिस्ती धर्मविचाराचा गाभा आहे. त्या धर्मात देव परमपवित्र आहे. त्याच्या पावित्र्यापुढे पापाचा कणही टिकत नाही. तो न्यायी आहे. दुर्बळावर झालेला अन्याय तो विसरत नाही. आणि तोच प्रेममय पिता आहे. आता हे तीन गुण एका ठायी नांदावेत कसे? न्यायाधीशाने प्रेमापोटी अपराध्यास मोकळे सोडले तर न्याय बुडाला. न्यायापोटी सर्वांस दंड केला तर प्रेम उरले कोणासाठी? आपल्याकडे कर्माचा हिशेब एका जन्मात फिटला नाही तर पुढील जन्मी चालू राहतो. त्या धर्मात माणसाला जन्म एकच आणि त्यानंतर न्याय. त्यामुळे हा प्रश्न तेथे अधिकच तीव्र होतो.

या प्रश्नाने ज्याची झोप उडविली, ज्याला जवळजवळ वेड लावले आणि ज्याला मिळालेल्या उत्तराने पुढे साऱ्या युरोपचा इतिहास पालटला, अशा एका पुरुषाचे चरित्र आज निरूपणासाठी घेत आहोत. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटलेले मार्टिन ल्यूथर किंग हे वेगळे. त्यांचे नाव या जुन्या ल्यूथरवरून ठेवलेले होते. आमचा चरित्रनायक पाचशे वर्षांपूर्वीचा जर्मन संन्यासी होय.

१० नोव्हेंबर १४८३ रोजी जर्मनीतील आइस्लेबेन या गावी मार्टिनचा जन्म झाला. दुसऱ्याच दिवशी संत मार्टिनचा सण होता. त्या दिवशी बाप्तिस्मा झाला म्हणून बाळाचे नाव मार्टिन ठेवले. वडील हान्स तांब्याच्या खाणधंद्यात होते. कष्ट करून वर आलेला तो करारी गृहस्थ. मुलाने कायदा शिकून मोठे व्हावे, ही त्याची महत्त्वाकांक्षा. घरात शिस्त कडक होती. एका क्षुल्लक अक्रोडासाठी आईने रक्त निघेपर्यंत मारल्याची आठवण मार्टिनने पुढे सांगितली आहे. आईबापांचा हेतू चांगला होता, हेही तो सांगावयास विसरला नाही. पुढे आयझेनाख गावी शिकत असताना तो इतर गरीब विद्यार्थ्यांबरोबर दारोदार गाणी म्हणून भाकरी मागे. आपल्याकडे माधुकरी मागून शिकलेल्यांच्या कित्येक पिढ्या झाल्या. त्यांच्या वंशजांस हा मुलगा परका वाटू नये.

१५०१ मध्ये तो एर्फुर्टच्या विद्यापीठात दाखल झाला आणि १५०५ च्या आरंभी एम.ए. झाला. वडिलांच्या इच्छेप्रमाणे कायद्याचा अभ्यासही सुरू झाला. तोच २ जुलै १५०५ हा दिवस उगवला. घरून एर्फुर्टला परत येत असताना स्टोटर्नहाइम गावाजवळ भयंकर वादळाने त्याला गाठले. जवळच वीज कोसळली. मरण समोर उभे राहिले आणि मरणाहूनही भयंकर असा देवाचा न्याय त्याच्या मागे उभा दिसला. त्या काळी चर्चमधील चित्रांत आणि शिल्पांत ख्रिस्ताला इंद्रधनुष्यावर बसलेला, खड्गासह न्याय करणारा असा दाखवीत. बालपणापासून मार्टिनच्या मनात ख्रिस्ताचे हेच रूप ठसले होते. घाबरलेल्या त्या तरुणाने खाणकामगारांची रक्षक मानल्या जाणाऱ्या संत अ‍ॅनाचा धावा केला आणि वाचलो तर संन्यासी होईन, असा नवस बोलून बसला. तो वाचला. १७ जुलै रोजी, म्हणजे पंधरवड्यातच, त्याने एर्फुर्ट येथील ऑगस्टिनियन पंथाच्या मठात प्रवेश केला. वडील संतापले, पण नवस बोलून झाला होता.

येथे क्षणभर थांबून वाचकांनी ध्यानात घ्यावे, की या तरुणाला मठात नेले ते प्रेमाने नव्हे, भयाने. देवाची ओढ लागून घर सोडणारे पुष्कळ असतात. देवापासून वाचण्यासाठी देवाच्याच दारात जाऊन बसलेला असा साधक विरळा.

मठात त्याने काय केले नाही? उपवास केले, जागरणे केली, थंडीत पांघरुणावाचून रात्री काढल्या. पापनिवेदनाला बसला की तासन् तास उठत नसे. कधी कधी तर सहा सहा तास तो आपली बारीकसारीक पापे धुंडाळून सांगे आणि परत येताना एखादे पाप सांगावयाचे राहिले असे आठवून पुन्हा व्याकूळ होई. १५०७ मध्ये त्याला पुरोहितपदाची दीक्षा मिळाली. पहिली मिस्सा अर्पण करताना सनातन, सजीव आणि सत्य अशा देवाला उद्देशून बोलण्याची वेळ आली, तेव्हा आपण धूळमाती कोण आणि बोलतो कोणाशी, या विचाराने त्याचे अंग कापू लागले. वेदी सोडून पळून जावेसे त्याला वाटले. त्या समारंभास वडील वीस घोडेस्वारांसह आले होते. मुलाने वादळातील प्रसंग ही देवाची हाक होती असे म्हणताच, ती सैतानाची तर नव्हती ना, असा खोचक प्रश्न त्यांनी भरपंगतीत केला. तो प्रश्न मुलाच्या काळजात कायमचा रुतला.

मठाचे वरिष्ठ योहान श्टाउपित्स हे मोठे समंजस गुरू होते. या शिष्याचा आजार आळसाचा नसून अतिरेकी प्रामाणिकपणाचा आहे, हे त्यांनी ओळखले. स्वतःच्या पापांकडे पाहत बसू नकोस, क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहा, असा उपदेश ते करीत. परंतु शिष्याचे मन शांत होईना. मठाच्या कामासाठी तो पायी रोमला गेला. तेथील पवित्र पायऱ्यांच्या अठ्ठावीस पायऱ्या गुडघ्यांवर, प्रत्येक पायरीवर प्रार्थना म्हणत चढला. मृत आजोबांची यातनांतून सुटका व्हावी, हा त्यामागील संकल्प. वर पोहोचल्यावर मनात आले, हे असेच घडते कशावरून? यात्रेकरूच्या मनात शिखरापाशी उठलेली ही शंका किती जाळणारी असते, हे तीर्थक्षेत्रात राहणाऱ्या आम्हांस ठाऊक आहे.

ल्यूथरचा तर्क सरळ होता. देव आपल्याला पूर्ण अंतःकरणाने प्रेम करावयास सांगतो. मी भीतीने केलेले प्रेम हे प्रेम कसे? दंड चुकावा म्हणून केलेले पुण्य हे पुण्य कसे? म्हणजे माझे सत्कर्मसुद्धा स्वार्थाने बाटलेले आहे. असा मी न्यायी देवापुढे उभा राहणार कसा? हळूहळू त्याच्या मनात भयाची जागा रागाने घेतली. जो देव पाळता येणार नाही असा नियम देतो आणि तो मोडला म्हणून शिक्षा करतो, त्या देवाचा आपण मनातून तिरस्कार करीत होतो, अशी कबुली त्याने म्हातारपणी, १५४५ साली, आपल्या लॅटिन ग्रंथांच्या प्रस्तावनेत दिली आहे. संन्याशाने अशी कबुली देण्यास केवढे धैर्य लागते!

१५१२ मध्ये तो विटेनबर्गच्या विद्यापीठात धर्मशास्त्राचा आचार्य झाला आणि बायबलवर प्रवचने देऊ लागला. प्रथम स्तोत्रसंहिता आणि नंतर संत पौलाचे रोमकरांस पत्र, असा क्रम होता. स्तोत्रांत एके ठिकाणी भक्त देवाला विनवितो, की तू आपल्या न्यायाने मला सोडव. ल्यूथर अडला. न्यायाने शिक्षा होते, सुटका कशी होईल? रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल म्हणतो की, येशूच्या शुभवार्तेत देवाचा न्याय प्रकट झाला आहे. ल्यूथर पुन्हा अडला. जुन्या नियमांनी घाबरविले ते पुरे नव्हते म्हणून शुभवार्तेनेही न्यायाचाच धाक घालावा काय? मग ती वार्ता शुभ कशी? त्या एका वाक्यावर तो दिवसरात्र डोके आपटीत राहिला.

आम्ही संस्कृताचे विद्यार्थी आहोत आणि म्हणूनच या प्रसंगाने आम्हांला वेड लावले आहे. कारण ल्यूथरची गाठ सुटली ती कोणत्याही दृष्टान्ताने किंवा साक्षात्कारी प्रकाशाने नव्हे, तर व्याकरणाने सुटली! लॅटिनमधील ते दोन शब्द 'युस्तीतिया देई', म्हणजे देवाचा न्याय, देवाची धार्मिकता. मराठी बायबलात यासाठी नीतिमत्त्व हा शब्द योजिला आहे. यातील 'देवाचा' ही षष्ठी. आता षष्ठीचे स्वरूप आपल्या वैयाकरणांना चांगले ठाऊक आहे. इतर विभक्तींत जे बसत नाहीत ते सारे उरलेले संबंध पाणिनीने षष्ठीच्या पदरात टाकले आहेत. राजाचा मुकुट म्हटले म्हणजे राजाने डोक्यावर घालावयाचा मुकुट. परंतु आईचे दूध म्हटले म्हणजे आईने प्यावयाचे दूध नव्हे. ते आईपासून निघते, पण ते असते बाळासाठी. विभक्ती एकच, अर्थाची दिशा उलटी.

ल्यूथर इतकी वर्षे देवाचा न्याय हा शब्द राजाच्या मुकुटासारखा वाचीत होता. देव स्वतः ज्यायोगे न्यायी आहे आणि पाप्याला दंड करतो तो गुण, असा त्याचा अर्थ. विटेनबर्गच्या मठाच्या मनोऱ्यातील खोलीत त्या ओळीवर चिंतन करीत असता, तिच्या पुढील शब्दांकडे त्याचे लक्ष गेले. धार्मिक मनुष्य विश्वासाने जगतो, असा त्यांचा आशय. आणि एकाएकी षष्ठीची दिशा फिरली. देवाचा न्याय म्हणजे देव ज्यायोगे माणसाला शिक्षा करतो तो नव्हे, तर देव जो माणसाला देतो तो. पाप्याजवळ स्वतःची धार्मिकता नाही, हे देव जाणतो. म्हणून तो आपली धार्मिकता त्याला पाजतो. माणसाने करावयाचे ते एवढेच, की विश्वासाने तोंड उघडावे. स्वर्गाची दारे उघडून आपण आत गेलो, असे त्या क्षणी ल्यूथरला वाटले. मग त्याने साऱ्या शास्त्रावरून मनाने नजर फिरविली. देवाचे सामर्थ्य म्हणजे देव ज्याने आम्हांस समर्थ करतो ते, देवाचे शहाणपण म्हणजे देव ज्याने आम्हांस शहाणे करतो ते. जिकडेतिकडे तीच षष्ठी, तेच दूध. हा प्रसंग नेमका कोणत्या वर्षी घडला यावर पंडितांत वाद आहे. तो घडला यावर नाही.

आता वाचक विचारतील, की हे दूध फुकट मिळाले तर न्याय कोठे राहिला? अजामिळाच्या पत्नीचा प्रश्न तसाच राहिला की! नाही. ल्यूथरच्या शिकवणीत देव पापाकडे डोळेझाक करीत नाही. पापाचा दंड भरावाच लागतो. तो भरला गेला क्रूसावर आणि भरला कोणी, तर स्वतः न्यायाधीशाच्या पुत्राने. न्यायासनावरून निकाल पूर्ण कठोर दिला गेला आणि मग न्यायासनावरून उतरून तो दंड न्यायाधीशाने स्वतःच्या अंगावर घेतला, असे हे गणित आहे. १५२० मध्ये लिहिलेल्या ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावरील पुस्तिकेत ल्यूथरने यासाठी विवाहाचा दृष्टान्त दिला आहे. लग्न लागले की वधूचे कर्ज ते वराचे कर्ज आणि वराचे धन ते वधूचे धन. जीवात्मा ही कर्जबाजारी वधू आणि ख्रिस्त हा धनाढ्य वर. माणसाचे प्रेम सुंदर वस्तू शोधीत हिंडते, देवाचे प्रेम मात्र असुंदराला सुंदर करते, हा विचार त्याने १५१८ साली हायडेलबर्ग येथील वादसभेत मांडला होता. पावित्र्य, न्याय आणि प्रेम यांची तेथे अशी भेट होते. पावित्र्याने पापाला नाकारले, न्यायाने किंमत मागितली, प्रेमाने ती चुकती केली.

आपल्या वैष्णव आचार्यांनी मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर असे दोन न्याय सांगितले आहेत. माकडीण उडी मारते तेव्हा पिलाने तिला घट्ट धरावे लागते. मांजरी मात्र आपल्या पिलाला स्वतः तोंडात धरून नेते. ल्यूथर हा मर्कटकिशोराच्या मठातून निघून मार्जारकिशोराच्या मार्गाला लागलेला साधक, असे म्हटले तर आपल्या श्रोत्यांस त्याची ओळख चटकन पटेल. मात्र साम्य दाखविताना भेद पुसू नये. देवाने इतिहासातील एका दिवशी, एका क्रूसावर, सर्वांचा दंड एकदाच भरला, ही त्या धर्माची स्वतंत्र श्रद्धा आहे आणि ती तशीच समजून घेतली पाहिजे.

हा बोध मनात रुजत होता आणि त्याच सुमारास विटेनबर्गच्या आसपास पापक्षमापत्रांची विक्री सुरू झाली. रोममधील संत पेत्राच्या महामंदिराचे बांधकाम आणि माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याचे सावकारी कर्ज, अशा दोन खड्ड्यांत हा पैसा जाणार होता. टेट्झेल नावाचा उपदेशक गावोगाव फिरून ही पत्रे खपवी. गोरगरीब पोटाला चिमटा घेऊन मेलेल्या आईबापांसाठी ती विकत घेत. ल्यूथरच्या मनाचा भडका उडाला. विकली जाणारी क्षमा ही न्यायाची विटंबना, कारण पैसे मोजले की पश्चात्तापाची गरज उरत नाही. आणि ती प्रेमाचीही विटंबना, कारण आईच्या दुधाला बाजारात भाव लावला गेला. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने पंचाण्णव कलमे लिहून आर्चबिशपकडे पाठविली. ती त्याने चर्चच्या दारावर ठोकली की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु छापखान्याच्या कृपेने काही आठवड्यांत ती जर्मनीभर पोहोचली, हे निश्चित. पश्चात्ताप ही एखाद्या दिवसाची क्रिया नसून सबंध आयुष्याची वृत्ती आहे, हे त्याचे पहिलेच कलम होते.

पुढील इतिहास प्रसिद्ध आहे. पोपची ताकीद आली. १० डिसेंबर १५२० रोजी ल्यूथरने ते आज्ञापत्र विटेनबर्गच्या वेशीबाहेर जाळले. जानेवारी १५२१ मध्ये त्याला धर्मबहिष्कृत करण्यात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वर्म्स येथे एकवीस वर्षांचा सम्राट पाचवा चार्ल्स आणि साम्राज्याचे सारे सरदार यांच्यापुढे त्याला उभे केले आणि आपली पुस्तके मागे घेतोस काय, असे विचारले. त्याने एक दिवसाची मुदत मागितली. दुसऱ्या दिवशी, आपली सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाशी बांधलेली आहे आणि तिच्याविरुद्ध वागणे सुरक्षितही नाही व योग्यही नाही, या आशयाचे उत्तर देऊन त्याने नकार दिला. विजेला घाबरून नवस बोलणारा तोच हा तरुण! देवाच्या न्यायाचे भय संपले तेव्हा सम्राटाच्या न्यायाचे भय आपोआप संपले.

परतीच्या वाटेवर त्याच्या राजाने, सॅक्सनीच्या शहाण्या फ्रेडरिकने, त्याला गुपचूप पळवून वार्टबुर्गच्या गडावर लपविले. तेथे वेषांतर करून राहत असता अवघ्या अकराएक आठवड्यांत त्याने नवा करार मूळ ग्रीकवरून जर्मन भाषेत आणला. सप्टेंबर १५२२ मध्ये तो छापून निघाला आणि १५३४ मध्ये संपूर्ण बायबल जर्मनमध्ये आले. घरातील आई, रस्त्यावरचे मूल आणि बाजारातील माणूस कसे बोलतात ते ऐकून भाषांतर करावे, असा त्याचा आग्रह होता. शके १२१२ मध्ये गीतार्थ मराठीत आणणाऱ्या माउलींच्या मुलखात या कार्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

१३ जून १५२५ रोजी त्याने कॅथरिना फॉन बोरा या मठ सोडून आलेल्या जोगिणीशी विवाह केला. त्यांना सहा मुले झाली. ज्या मठात भयाने रात्री काढल्या, तोच विटेनबर्गचा मठ आता मुलांच्या गलबल्याने भरून गेला. या घरातील नाताळ मोठा गोड असे. मुलांसाठी ल्यूथरने नाताळचे गीत रचले. नाताळच्या प्रवचनांत तो श्रोत्यांना पुनःपुन्हा सांगे की, देवाला शोधण्यासाठी वर ढगांकडे पाहू नका, गव्हाणीकडे पाहा. तेथे आईच्या मांडीवर दूध पिणारे बाळ आहे. बाळाला पाहून कोणी भितो काय? इंद्रधनुष्यावरच्या न्यायाधीशाला पाहून ज्याचा चेहरा पांढरा पडे, त्याला तोच न्यायाधीश मरियेच्या कुशीत सापडला. नाताळच्या दिवशी हे चरित्र सांगावेसे वाटले ते याच कारणाने.

दुःखाने त्याच्या घराला वगळले नाही. १५२८ मध्ये आठ महिन्यांची एलिझाबेथ गेली. सप्टेंबर १५४२ मध्ये तेरा वर्षांची लाडकी माग्दालेना त्याच्या हातांवर गेली. ती प्रेमळ पित्याकडे चालली आहे, अशी त्याची खात्री होती. तरीही तो गुडघे टेकून ओक्साबोक्शी रडला. देवाच्या प्रेमावरील विश्वास म्हणजे काळजाचा दगड होणे नव्हे, हे त्या बापाने दाखविले.

चरित्र सांगताना नायकाचे दोष झाकण्याची सवय आम्हां कीर्तनकारांना असते. येथे ती पाळली तर त्या माउलीशी प्रतारणा होईल. १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी जुलमी सरदारांविरुद्ध उठाव केला. त्यांच्या काही मागण्या न्याय्य आहेत, असे ल्यूथरने आरंभी मान्य केले होते. परंतु हिंसा वाढताच त्याने सरदारांना कत्तलीची मोकळीक देणारे जळजळीत पत्रक लिहिले आणि हजारो शेतकरी मारले गेले. १५२३ मध्ये यहुद्यांशी ममतेने वागा, असे लिहिणाऱ्या याच माणसाने १५४३ मध्ये त्यांची प्रार्थनामंदिरे जाळावीत, त्यांची घरे पाडावीत, असे सांगणारे विषारी पुस्तक लिहिले. चारशे वर्षांनी नाझींनी त्या पुस्तकाचा जो वापर केला, तो जगाला माहीत आहे. ल्यूथरच्या नावाने चालणाऱ्या चर्चनींच पुढे त्या लिखाणाचा जाहीर धिक्कार केला. अमेरिकेतील ल्यूथरपंथीयांच्या मोठ्या चर्चने १९९४ मध्ये तसे निवेदन काढले. ज्याला स्वतःला मोल न देता दूध मिळाले, त्याने इतरांच्या तोंडी विष घालावे, यासारखी शोकांतिका नाही. आणि तिचा निवाडा ल्यूथरच्याच पुस्तिकेतून करता येतो. विश्वासाने मोकळा झालेला माणूस प्रेमाने सर्वांचा सेवक होतो, असे त्याने १५२० मध्ये लिहिले होते. त्या कसोटीला तो स्वतः या ठिकाणी उतरला नाही.

जानेवारी १५४६ मध्ये मान्सफेल्डच्या सरदार घराण्यातील भांडण मिटविण्यासाठी आजारी ल्यूथर कडाक्याच्या थंडीत आइस्लेबेनला गेला. भांडण मिटले. १८ फेब्रुवारी रोजी, जेथे जन्म झाला त्याच गावी, त्याने देह ठेवला. त्याच्याजवळ एक चिठ्ठी सापडली. आपण सारे भिक्षेकरीच आहोत, असा तिचा शेवट होता. आयझेनाखच्या दारांत भाकरीसाठी गाणारा मुलगा शेवटीही हात पसरूनच उभा होता. फरक एवढाच, की आता दार कोणाचे आहे हे त्याला कळले होते.

ज्या अर्थावरून चर्च दुभंगले आणि रक्तपात झाला, त्याच अर्थावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे रोमन कॅथलिक चर्च आणि ल्यूथरपंथीयांचा जागतिक संघ यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. मनुष्य देवाला मान्य होतो तो कृपेने, स्वतःच्या पुण्याईने नव्हे, आणि ती कृपाच त्याला सत्कर्माकडे नेते, एवढ्यावर दोघांचे एकमत झाले. एका षष्ठीचा वाद मिटण्यास जवळजवळ पावणेपाचशे वर्षे लागली!

आता त्या माउलीकडे वळू. आज ती भेटली तर आम्ही तिला काय सांगू? ख्रिस्ती संतांचे उत्तर आम्ही सांगू, की तुझ्या अजामिळाच्या पत्नीचे अश्रू देव विसरला नाही. त्यांची किंमत देवाने स्वतःच्या देहाने मोजली, अशी आमच्या ख्रिस्ती बांधवांची श्रद्धा आहे. आणि ल्यूथरच्या चुकांवरून आम्ही स्वतः जे शिकलो, तेही सांगू. क्षमा मिळालेल्या अजामिळाने गंगाद्वारी जाऊन नाम घेतले, हे योग्यच झाले. परंतु वाटेत त्याने एकदा त्या टाकलेल्या पत्नीच्या दारीही जावयास हवे होते. देवाने दिलेले दूध अंगी लागले की नाही, हे शेजाऱ्याशी, दुबळ्याशी, आपण ज्याचा अपराध केला त्याच्याशी आपण कसे वागतो यावरूनच कळते.

यापुढे अजामिळाचे आख्यान लावू तेव्हा उत्तररंगात त्या पत्नीलाही आम्ही उभे करणार आहोत. वाचकहो, आज नाताळच्या निमित्ताने आपणही मनातल्या मनात एकदा आपापल्या अशा एखाद्या दारापर्यंत जाऊन यावे. आणि शेजारच्या ख्रिस्ती घरात जेव्हा गव्हाणीतील बाळापुढे दिवा लागेल, तेव्हा तेथे न्याय आणि प्रेम एकाच पाळण्यात निजले आहेत, एवढे ध्यानी घेऊन हात जोडावेत. हीच आमची प्रार्थना.